मिठाच्या हंगामातली शाळा

फाल्गुन निम्मा सरला की दुपारी दोनच्या सुमाराला वारा फिरतो. सकाळभर डोंगराकडून येणारा कोरडा वारा थांबतो, क्षणभर झाडाचं पानही हलत नाही, आणि मग समुद्राकडून पहिली झुळूक येते. तिला खाजणातल्या खाऱ्या चिखलाचा वास असतो. पनवेलला लेकाच्या घरी येऊन मला आता पुष्कळ वर्षं झाली. इथून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण त्या एका क्षणी, ओसरीवर नुसता बसलेलो असलो तरी, माझ्या ओठांवर खारटपणा येतो. समोरच्या घरातली मुलगी परीक्षेचा इतिहास मोठ्याने पाठ करत असते. मध्येच अडते, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. तिचा तो अडणारा आवाज आणि हा वारा एकत्र आले की मी इथला राहत नाही.

मी वीस वर्षांचा होतो. सत्तावीस-अठ्ठावीस सालचा सुमार असेल. मिठाचं नाव तेव्हा अजून कुणाच्या भाषणात यायचं होतं. उरणच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, शे-दीडशे उंबऱ्यांच्या एका गावात मला मास्तर म्हणून पहिली नेमणूक मिळाली. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला तिवरांचं रान, आणि त्यांच्या मधे नजर पोचेल तिथवर मिठागरं. आरशाचे तुकडे ओळीनं मांडून ठेवावेत तसे ते पाण्याचे वाफे दिसत. पहाटे त्यांच्यात आभाळ उतरलेलं असे, दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे.

शाळा मिठाच्या एका जुन्या कोठारात भरे. मीठ तिथून कधीच हललं होतं, पण भिंतींनी ते सोडलं नव्हतं. पावसाळ्यात भिंतींना घाम फुटे आणि ऊन तापलं की त्यांच्यावर पांढरी फुलं उमटत. मुलं ती नखानं खरवडून चाखत. मी सुरुवातीला रागवायचो. एकदा कुणी नाही असं बघून मीही चाखून पाहिलं. त्यानंतर रागवणं सोडून दिलं.

पटावर अडतीस नावं होती. त्यांत मुली तीन. दोघी गावातल्या जरा बऱ्या घरच्या, आणि तिसरी पोशी. तिचा बाप धर्मा आणि आई आवडी, दोघंही मिठागरात राबणारी. पोशी दहा वर्षांची, काळीसावळी, हाताला एकच काचेची बांगडी. तिला वाचायचं वेड होतं. वाण्याकडून गूळ आणला की पुडीचा कागद ती दारातच उलगडून वाचायला बसे, गूळ मातीत पडला तरी तिचं लक्ष नसे. एकदा तिनं मला विचारलं, “मास्तर, कागद मदीच फाटलाय. त्या मानसाचं फुडं काय झालं?” कुठल्या माणसाचं, ते तिलाही नीट सांगता येईना. पण फाटलेल्या कागदापलीकडे कुणीतरी माणूस राहून गेला आहे याची तिला खरीखुरी चिंता लागली होती.

पौषात मिठाचा हंगाम उभा राहिला. भरतीचं पाणी आत घ्यायच्या आधी वाफ्याची जमीन तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, म्हणजे मीठ चिखलात मिसळत नाही. ते तुडवणं पायांनीच व्हायचं, आणि त्यासाठी सगळं घर उतरायचं. बाप, आई, मुलं, सगळी एका ओळीत, एकमेकांचे खांदे धरून. दिवाळीनंतर भरलेला माझा वर्ग माघ उजाडेपर्यंत ओसरत गेला. तीस, बावीस, चौदा. मग नऊ.

पोशी मात्र येत राहिली. रोज नाही. दोन दिवस यायची, चार दिवस नाही. आली की तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या असत. खाऱ्या चिखलानं बोटांच्या मधली कातडी फुटायची, तिच्यात पुन्हा खार जायचा. ती पाय पोटाशी घेऊन बसे आणि पाटीवर लिहिता लिहिता मधेच श्वास आत ओढे. मी ते पाहत होतो. पाहून न पाहिल्यासारखं करत होतो, हे आज कबूल करायला हवं. वीस वर्षांच्या मास्तराला मुलांच्या पायांपेक्षा वरिष्ठांच्या शेऱ्याची काळजी जास्त असते.

चैत्रात डेप्युटी साहेब शाळा तपासायला येणार होते. गावात त्यांना ‘दिपोटी’ म्हणत आणि त्यांच्या नावानं पोरांना गप्प करत. अडतीस नावांपुढे नऊ मुलं बसलेली दिसली तर माझ्या पहिल्याच वर्षाला काळा शेरा बसणार. नियमात वाट होती. महिन्यात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त गैरहजर असलेल्या मुलाचं नाव मास्तर पटावरून कमी करू शकत असे. एका संध्याकाळी मी लाल शाईची दौत काढली, पट्टी धरली आणि अकरा नावांवर रेघा मारल्या. सहावी रेघ पोशीच्या नावावर होती. हात क्षणभर थांबला होता. पण नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला समजावलं आणि ते समजावणं मला फार आवडलं.

तीन दिवसांनी ती आली. उंबऱ्याजवळच्या आपल्या जागी बसली. मी हजेरी घेतली, पट मिटला. ती उभी राहिली.

“मास्तर, माजं नाव ऱ्हायलं.”

“राहिलं नाही. तुझं नाव काढलंय.”

“कनाला?”

“इतके दिवस तू आली नाहीस. तसा नियम आहे.”

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त समजून घेत होती.

“मंग मी आता शालंची न्हाय?”

“नाही,” मी म्हटलं. आवाज करडा ठेवायला मला त्रास पडला.

पाटी शाळेची होती. तिनं ती ओच्यानं स्वच्छ पुसली, माझ्या टेबलावर आणून ठेवली, आणि चिंध्या बांधलेल्या पायांनी बाहेर गेली. वर्गातली मुलं एकदम शहाणी होऊन आपापल्या पुस्तकात बघायला लागली.

पुढे मी तीसेक वर्षं मास्तरकी केली. या काळात किती वेळा ‘गैरहजर’ हा शब्द लिहिला असेन, त्याला गणती नाही. किती सोयीचा शब्द आहे! मूल इथं नाही, एवढंच तो सांगतो. मग ते कुठं आहे, कुणाबरोबर आहे, कशाच्या तोंडी आहे, यातलं काही सांगायची जबाबदारी त्याच्यावर नसते. त्या हंगामानंतर मी एक सवय लावून घेतली. मूल सलग तीन दिवस दिसलं नाही की चौथ्या दिवशी मी त्याच्या दारात असायचो. माझ्या बायकोनं यावरून माझी पुष्कळ थट्टा केली. तिला मी ही हकीकत लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली. तेव्हापासून तिनं थट्टा सोडली.

शाळेच्या मागं मरियमखालाचं घर होतं. पन्नाशीची, उंच, सडपातळ विधवा. तिच्या पडवीत मुसलमान मोहल्ल्यातली मुलं अरबी अक्षरं शिकायला बसत. सकाळी भिंतीच्या एका बाजूनं माझी मुलं ओरडत आणि दुसऱ्या बाजूनं तिची. ती माझ्याशी क्वचितच बोले. म्हणून त्या दिवशी ती डोक्यावरचा पदर सारखा करत कोठाराच्या दारात उभी राहिली तेव्हा मी चटकन उठलो.

“मास्तर, आवडीच्या पोरीचं नाव तुमी काढलंत म्हणे.”

“हो. नियम...”

“नियम असंल. पण तुमाला ठाव हाय का, ते नाव म्हणजे त्या घराच्या दाराची कडी होती?”

मला समजलं नाही. ती पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. नागू नावाचा गावचाच एक माणूस मुंबईला असे. वर्षा-दोन वर्षांनी तो येई आणि एखादी पोर बरोबर घेऊन जाई. मोठ्या घरात लहान मूल सांभाळायचं, पोटभर जेवायचं, वर्षाला दोन परकर-पोलकी, असं तो सांगे. गेल्या साली त्यानं सोनीला नेलं होतं. सोनी धर्माच्या मेलेल्या भावाची पोर, आईबाप दोन्ही नसलेली, धर्माच्याच घरी वाढलेली. अकरा वर्षांची. ती गेली त्याला वर्ष झालं. तिचा निरोप नाही, खुशाली नाही.

“माझा भाऊ इस्माईल मुंबईच्या बोटीवर हाय,” खाला म्हणाली. “त्यानं नागूला दोनदा विचारलं, पोर कुठं असते सांग, मी डोळ्यांनी बघून येतो. दोन्ही वेळा त्यानं बोलणं दुसरीकडं नेलं. आता तो पुन्हा आलाय. पोशीसाठी. आवडी आजवर एकच बोलायची, पोर शाळंत जाते, दिपोटीची परीक्षा होऊ दे, मग बघू. त्या एका बोलावर तिनं नवऱ्याला थोपवून धरलं होतं. काल नागू धर्माला म्हणाला, शाळंनं पण काढली की तुमची पोर, आता कशापायी ठेवताय?”

खाला उठली. जाताना म्हणाली, “फिकीर वाटली म्हणून आले. बाकी तुमी शिकलेली माणसं.” त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

त्या दुपारी मुलांना सोडून मी मिठागरावर गेलो. इतक्या महिन्यांत मी बांधावरून चाललो होतो, पण वाफ्यांपर्यंत पहिल्यांदाच गेलो. मीठ धरायला लागलं होतं. पाण्याला किंचित लालसर झाक आली होती आणि तळाशी दाणे चमकत होते. ऊन वरून येत होतं आणि खालूनही येत होतं. डोळे चुरचुरले. पलीकडच्या नव्या वाफ्यात सात-आठ मुलं चिखल तुडवत होती. त्यांतली पाच माझ्या पटावरून गेलेली. मला पाहून ती थबकली. माझ्या हातात छडी आहे का, ते एकानं आधी पाहिलं.

पोशीनं मान वर केली नाही. पाय उचलत, टाकत राहिली.

धर्मा बांधावर फळीनं मीठ ओढत होता. चाळिशीच्या आतला माणूस, पण पायांवरून साठीचा वाटे. मी त्याला म्हटलं, “धर्मादादा, पोशीला मुंबईला पाठवू नका. मी तिचं नाव परत लिहितो.”

त्यानं फळी टेकवली. “मास्तर, तुमी भले मानूस. पन तुमी तिचं पाय बगितलंव का?”

मी वाफ्याकडे वळून पाहिलं.

“माजं पाय तं गेलंच. तिच्या आयशीचं गेलं. हितं ऱ्हायली तं तिचं पन सडतील. मंबईत ती फरशीवर चालंल. येवढंच मना वाटतं. दुसरं काय न्हाय.”

मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो. मनात त्याचं एक चित्र रंगवलं होतं, पोरीला टाकून देणाऱ्या बापाचं. ते त्या उन्हात विरघळून गेलं. त्याला आपल्या पोरीचे पाय वाचवायचे होते. जे पाहून मी रोज नजर वळवत होतो, ते त्यानं एक दिवसही नजरेआड केलं नव्हतं.

“आणि सोनी?” मी विचारलं. “ती फरशीवर चालते का?”

“नागू म्हंतो, सुकात हाय.”

“नागू म्हणतो. सोनी काय म्हणते?”

“ती कशी सांगंल? तिला लिवाला कुठं येतं?”

आवडी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन आमच्या मागून चालली होती. ती थांबली. पाटी डोक्यावर तशीच, पाणी मानेवरून गळतंय. ती नवऱ्याला म्हणाली, “एक दिली तुमी. जावेची पोर, माज्या पदरात टाकून गेलेली, ती मी दिली. येक सबूद बोलले न्हाय. दुसरी मी न्हाय देत. मना सोनी आनून दाखवा, मंग बोला.”

मिठागरावरची माणसं काम थांबवून पाहायला लागली. नागू तिथंच होता. सावलीसाठी उभारलेल्या गवती छपरात बसून तो विडी ओढत होता. पांढरं धोतर, काळी टोपी, पायात वहाणा. हसत पुढे आला. “वहिनी, उगीच जीव घाबरा करू नका. पोर मजेत आहे.”

मी खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली. कागद मांडीवर ठेवून उकिडवा बसलो. “मग पत्ता सांगा. आजच्या टपालानं तिच्या मालकाला पत्र लिहितो. खुशाली आली की सगळ्यांचा जीव खाली पडेल.”

तो हसायचा थांबला नाही, पण हसणं तिथंच राहिलं आणि डोळे इकडेतिकडे गेले. “डोंगरीला,” तो म्हणाला. “भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत खानावळ आहे. तिच्या मालकाकडं.”

मी लिहून घेत होतो. तेवढ्यात चिखलातून आवाज आला.

“गिरगाव म्हनालाव.”

पोशी गुडघाभर चिखलात उभी होती. तिचे दोन्ही हात शेजारच्या मुलांच्या खांद्यांवर होते.

“परवा दिशी घरी आलाव तवा गिरगाव म्हनालाव. वकिलाच्या घरी हाय म्हनालाव. मी लिवलंय.”

“कुठं लिहिलंयस?” मी विचारलं.

“भितीवर. पाटी न्हवती.”

नागू काहीतरी म्हणाला, पोरटं खोटं बोलतंय असं काहीसं. पण आवडी मिठाची पाटी खाली टाकून चालायलाही लागली होती. तिच्यामागून धर्मा, मग मी, मग मिठागरावरचे झाडून सगळे. धर्माच्या खोपटात एका वेळी चार माणसं मावत नसत, तिथं दहाजण घुसले. चुलीच्या वरच्या बाजूला, सारवलेल्या भिंतीवर, कोळशानं लिहिलेलं होतं: ‘सोनी. गीरगाव. वकील. दूसरा माला. मूलगा साभाळते.’ ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं, अनुस्वार गेलेला, माळ्याचा माला झालेला. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

धर्माला वाचता येत नव्हतं. तरी तो पुढे झाला आणि त्या अक्षरांवर त्यानं तळवा ठेवला. पुसली जातील म्हणून लगेच काढला.

आम्ही बाहेर आलो तोवर नागू बंदराच्या वाटेला लागून दिसेनासा झाला होता. त्यानंतर तो त्या गावात आल्याचं मी ऐकलं नाही. खोटं बोलायला माणसाला थोडा निवांतपणा लागतो, असं मला वाटतं. वाचता न येणाऱ्यांच्या घरात, चुलीपाशी बसून, तो त्याला मिळाला होता. त्या बांधावर, उन्हात, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना, तो मिळाला नाही. आणि गडबडीत त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

ते खरं होतं हे कळलं, कारण इस्माईल पुढच्याच बोटीनं डोंगरीला गेला, आणि त्या खानावळीच्या मागच्या दारी त्याला सोनी दिसली. राखेनं भांडी घासत होती. मालकानं तिला सोडायला नकार दिला. तुम्ही कोण, पोरीचा तुमच्याशी संबंध काय, असं विचारून इस्माईलला हाकलला. मग मी धर्माच्या नावे अर्ज लिहिला. तीन वेळा लिहून फाडला, चौथ्यांदा जमला. पोलीस पाटलानं त्यावर सही केली, वर स्वतः बरोबर जायला तयार झाला. पण या सगळ्याला दिवस लागले. पाटलाला सवड होईना, मग होळी आली. त्या दिवसांत आवडी रोज येता-जाता शाळेच्या दारात थांबायची. विचारायची काही नाही. मी मान हलवायचो. ती निघून जायची.

अकराच्या अकरा नावं मी पटावर पुन्हा लिहिली. पहिल्या दिवशी पोशीचं नाव पुकारलं तर ती बोलली नाही. समोर बसली होती, माझ्याकडे बघत होती, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिच्या नावापुढे हजेरी मांडली. तिसऱ्या दिवशी, अगदी खालच्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, “हजर.” आयुष्यात मला थोडेफार मानसन्मान मिळाले. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले. त्यातलं कशाचंही वजन त्या एका शब्दाइतकं नव्हतं.

पण नावं लिहिल्यानं हंगाम थांबत नाही. मीठ ओढायचंच होतं. तेव्हा मी ठरवलं की मुलं शाळेत येऊ शकत नसतील तर दुपारच्या सुट्टीत शाळाच तिकडे न्यावी. सकाळी कोठारात नऊ-दहा जण असत. मग डोक्यावर फळा घेऊन मी मिठागरावर जाई. भाकरी खाऊन झाली की मुलं त्या गवती छपरात बसत. काहींचे पाय गोड्या पाण्याच्या घमेल्यात असत. ती युक्ती मरियमखालाची. तिनं मला खोबरेल आणि हळद कालवून एक मलमही दिलं होतं. पहिल्या दिवशी पोरांच्या पायांना ते लावताना मला अवघडल्यासारखं झालं. नंतर सवय झाली. अजूनही कधी हळदीचा वास आला की मला तिथलं शुद्धलेखन आठवतं. वारा फिरला की खडूची पूड डोळ्यांत जायची. दूर पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे असायचे. मोठी माणसं बांधाला टेकून डुलक्या घेत, आणि त्यांतलं एखादं डोळे मिटूनच मुलाची पाढ्यातली चूक सुधारी.

डेप्युटी साहेब आले ते नेमके त्या वेळेला. कोठाराला कुलूप पाहून ते भडकले असावेत. मरियमखालानं त्यांना वाट दाखवली. बांधावरून छत्री येताना दिसली तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला. साहेबांचा कोट घामानं चिकटला होता, बुटांना खार लागला होता.

“ही शाळा?” ते म्हणाले.

“दुपारची, साहेब,” मी म्हटलं.

“कुणाच्या परवानगीनं?”

ते छपरात शिरले. मुलं उभी राहिली, घमेल्यांतून पाणी सांडलं. साहेबांनी त्यांचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. मग एका उपड्या टोपलीवर बसले आणि पोशीला वाचायला सांगितलं. तिनं न अडता पान संपवलं आणि विचारलं, “फुडचं पन वाचू?” साहेब म्हणाले, “वाच.” तिनं आणखी दोन पानं वाचली. बाकीच्यांचीही परीक्षा त्यांनी तिथंच घेतली. निघताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

शेरा पंधरा दिवसांनी आला. ‘शाळा जागेवर आढळली नाही. मुले आढळली.’ त्याखाली विनापरवाना जागा बदलल्याबद्दल मला ताकीद होती, आणि आणखी खाली, वेगळ्या शाईत, हजेरी समाधानकारक असल्याचं लिहिलं होतं. ती वेगळी शाई मी अनेकदा निरखली. पुढल्या वर्षी माझी बदली श्रीवर्धनकडे, बोर्ली पंचतनच्या बाजूला झाली. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, मला कधी कळलं नाही. माझ्यामागून आलेल्या मास्तरांनी फळा मिठागरावर नेला की नाही, तेही मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आपण एक मूल वाचवलं असं म्हणायचा मोह मला कधीकधी होतो. मग आठवतं की त्याच मुलाला धोक्यात ढकलणारा हातही माझाच होता, आणि वाचवणारी माणसं वेगळीच होती. एक चिखलात उभी राहिलेली पोर, डोक्यावर ओझं घेऊन बोललेली तिची आई, भिंतीपलीकडची एक विधवा, बोटीवरचा तिचा भाऊ. मी पेन्सिल काढली, इतकंच. समोरची मुलगी इतिहास पाठ करताना अडते तेव्हा मी मनातल्या मनात तिला पुढचा शब्द सांगतो. ती रोज दिसते, हे माझ्या म्हातारपणाला पुरेसं सुख आहे.

सोनीला धर्मा आणि पोलीस पाटील घेऊन आले ते चैत्र संपता संपता. सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. बंदराकडून तिघं चालत आली. सोनी मधे. अंगावर मोठ्या बाईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, उजव्या हातावर भाजल्याचा काळा डाग, केस कापलेले. पोशी शाळेतून धावत गेली, पण दोन हातांवर जाऊन थांबली. तिला हात लावावा की नाही ते कळेना. सोनीनंच तिचं बोट धरलं. बायका दारात आल्या होत्या. आवडीनं तिला न्हाऊ घातलं, तांदळाची पेज पाजली. पेज संपते न संपते तोच ती भिंतीला टेकून झोपली. आवडीनं तिला चटईवर आडवी केली.

धर्माचं खोपट शाळेच्या वाटेवरच, कोठारापासून पंधरा-वीस पावलांवर. थोड्या वेळानं पोशी वर्गात परत आली आणि जागेवर न बसता माझ्याजवळ आली.

“मास्तर, सोनी निजलीय.”

एवढंच म्हणाली. ती पाढ्यांची वेळ होती. हंगाम उतरणीला लागल्यानं वर्ग पुन्हा भरला होता, तीस-बत्तीस मुलं छाती फुगवून तयार होती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “आज हळू म्हणायचं.”

मी दारात जाऊन उभा राहिलो. मरियमखालाच्या पडवीतला आवाजही बसला होता. मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी गल्लीच्या तोंडाशी आल्या, तिथल्या म्हातारीनं त्यांना हातानं खुणावलं, आणि त्या हाका न मारता पुढे गेल्या. कुणीतरी आपली कोंबडी काखेत धरून उभं होतं. खोपटाच्या दारात धर्मा उकिडवा बसला होता. कावळा छपरावर उतरायला आला की तो नुसता हात हलवी, तोंडानं हाड्‌ म्हणत नसे. आणि माझ्या पाठीमागं, कोठाराच्या अंधाऱ्या गारव्यात, तीस-बत्तीस मुलं कुजबुजत सतराचा पाढा म्हणत होती.

सोनी दिवे लागेपर्यंत झोपली.